टॅम्बुरेलोची भिंत

१ मे आला की फॉर्म्युला वनवाल्यांना इटलीतला इमोलाचा रेसट्रॅक आठवतो. १९९४ साली त्या रविवारी, सान मारिनो ग्रां प्रीच्या सातव्या फेरीत, ब्राझीलच्या आयर्टन सेनाची विल्यम्स संघाची गाडी टॅम्बुरेलो या वळणावर वळलीच नाही. सरळ जाऊन काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. वय अवघं ३४. तीन विश्वविजेतेपदं, ४१ विजय, ६५ पोल पोझिशन (शर्यतीच्या सुरुवातीची सर्वांत पुढची जागा) हे आकडे चाहत्यांना तोंडपाठ असतात. भिंतीची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

टॅम्बुरेलो हे नावालाच वळण होतं. डावीकडे जाणारा लांबलचक बाक. ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता गाड्या तिथून ताशी ३०० किलोमीटरने जात. अशा ठिकाणी बाहेरच्या अंगाला भरपूर मोकळी जागा लागते, आणि तीच नव्हती, कारण भिंतीपलीकडे लगेच सांतेर्नो नदी. १९८७ मध्ये ड्रायव्हर नेल्सन पिके इथे आदळला. १९८९ मध्ये गेरहार्ड बर्गरची फेरारी इथेच पेटली. आग काही सेकंदांत विझली म्हणून तो हात भाजण्यावर निभावला. पुढे बर्गर आणि सेना पायी जाऊन ती भिंत बघून आले. पलीकडे डोकावले, तर खाली पाणी. भिंत मागे सरकणार कुठे? दोघं परत फिरले.

१९९४ च्या त्या वीकेंडला सगळं अशुभच घडत होतं. शुक्रवारी रुबेन्स बारिकेलोची गाडी उडून कुंपणावर गेली, तो वाचला. शनिवारी ऑस्ट्रियाचा रोलंड रॅट्झनबर्गर पात्रता फेरीतल्या अपघातात मरण पावला. आयुष्यभर धडपडून फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला, आणि खात्यावर जेमतेम एक शर्यत. सेना स्वतः अपघाताच्या जागी गेला. स्पर्धेचे डॉक्टर सिड वॉटकिन्स त्याचे जवळचे मित्र. रेसिंग सोड, आपण मासे पकडायला जाऊ, असं त्यांनी त्याला सांगून पाहिलं. त्याने ऐकलं नाही.

रविवारी त्याच्या गाडीत गुंडाळलेला ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. शर्यत संपल्यावर तो रॅट्झनबर्गरसाठी फडकवायचा होता.

गाडी का वळली नाही यावर इटलीत वर्षानुवर्षं खटला चालला. सेनाला बसायला ऐसपैस व्हावं म्हणून स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंगच्या चाकामागचा दांडा) कापून, बारीक नळी घालून पुन्हा जोडला होता. तो आधी तुटला की धडकेत, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठपका विल्यम्सचा तांत्रिक संचालक पॅट्रिक हेडवर ठेवला, पण मुदत उलटून गेल्याने शिक्षा झाली नाही. माझ्या मते खटला स्टिअरिंगपाशीच अडकला आणि भिंतीचा प्रश्न बाजूला पडला. धडकेत निखळलेलं चाक आणि सस्पेन्शनचा तुकडा हेल्मेटवर बसला, त्याने जीव घेतला.

ब्राझीलने तीन दिवस दुखवटा पाळला. जुलैमध्ये त्यांच्या फुटबॉल संघाने विश्वचषक जिंकला आणि सेनाच्या नावाचा फलक घेऊन मैदानात उभा राहिला. इकडे मोनॅकोत ड्रायव्हरांनी आपली बंद पडलेली संघटना पुन्हा उभी केली.

१९९५ मध्ये टॅम्बुरेलोला शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं, बसवली. नदी हलवावी लागली नाही. वेग कमी केला, एवढंच. हे १९८९ मध्येही जमलं असतं.

आज वळणाच्या आतल्या बाजूला, बागेत, सेनाचा ब्राँझचा पुतळा आहे. मान खाली घालून बसलेला. समोरच्या कुंपणाला लोक ब्राझीलचे झेंडे बांधून जातात. मधूनच एखादा ऑस्ट्रियाचाही दिसतो.