पार्श्वभूमी : जिभेवरची फिल्म जाते कुठे?

केमिस्टकडे जाऊन ‘उलटीच्या औषधाची एक स्ट्रिप द्या’ म्हटलं, की तो दहा गोळ्यांचं पाकीट काढून देतो. आपल्याकडे स्ट्रिप म्हणजे तेच. त्यामुळे टपाल तिकिटाएवढा, जिभेवर ठेवताच विरघळणारा पापुद्रा मागायचा तर नेमकं काय म्हणायचं, हा घोळ आहेच. स्ट्रिप म्हणावं तर गोळ्या मिळतात आणि ‘एमडी’ म्हणावं तर तोंडात विरघळणारी गोळी. इथे फिल्मच म्हणू.

जिभेखाली औषध ठेवणं नवं नाही. हृदयविकाराच्या कळेवर नायट्रोग्लिसरीन 1879 पासून वापरात आहे आणि जिभेखालची गोळी खिशात बाळगणारे काका-आजोबा सगळ्यांनी पाहिलेत. फिल्म मात्र घराघरांत पोचली ती तोंडाच्या वासापायी. 2001 साली अमेरिकेत एका माउथवॉशच्या नावाने पुलुलनच्या पट्ट्या आल्या. पुलुलन हा एका बुरशीपासून मिळणारा, पाण्यात विरघळणारा पदार्थ. जपानमध्ये 1976 पासून त्याचं व्यापारी उत्पादन होत होतं. कृती आंबापोळीसारखीच: दाट द्रावण पातळ पसरायचं, वाळवायचं, कापायचं. फरक एवढाच, की प्रत्येक तुकड्यात औषध मोजून तेवढंच उतरावं लागतं. त्यात औषध मावतंही फार थोडं. पाचशे मिलिग्रॅमचं पॅरासिटामॉल एका फिल्ममध्ये बसवायचा विचारही नको.

खोकला-सर्दीच्या फिल्म मागोमाग आल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांची पाळी 2009-10 मध्ये आली आणि खरी गोची तिथूनच सुरू होते. 2009 साली अमेरिकेत मंजूर झालेली फेंटानिलची फिल्म कर्करोगाच्या असह्य वेदनांसाठी होती. तिची गुलाबी बाजू गालाला आतून चिकटवायची. ती पंधरा ते तीस मिनिटं विरघळत राहते आणि निम्म्याच्या आसपास औषध तिथल्या तिथे रक्तात जातं. पुढच्याच वर्षी मळमळीवरची ओन्डान्सेट्रॉनची फिल्म आली. ती जिभेवर काही सेकंदांत विरते, पण विरलेलं औषध लाळेबरोबर गिळलं जातं आणि आतड्यातून शोषलं जातं. म्हणजे गोळीचाच रस्ता, फक्त पाण्याचा पेला लागत नाही. उलटी होणाऱ्याला, गिळताना त्रास होणाऱ्याला हा फायदा लहान नाही. पण ‘तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात’ ही जाहिरातीतली ओळ या दुसऱ्या जातीला लागू पडत नाही. युरोपच्या औषधसंहितेत तोंडात विरून पसरणारी आणि अस्तराला चिकटणारी असे दोन वेगळे प्रकार आहेत. बोलण्यात आणि विक्रीत दोन्ही फिल्मच. माझ्या मते हा घोळ निव्वळ निष्काळजीपणातून आलेला नाही; पहिलीचं श्रेय दुसरीला आयतं मिळतं, ते कोणाला नको असेल?

ब्युप्रेनॉर्फिनची कथा आणखी बोलकी. अफूजन्य औषधांचं व्यसन सोडवणारं हे औषध गिळलं तर बरंचसं यकृतातच वाया जातं, म्हणून जिभेखाली ठेवावंच लागतं. पण अमेरिकेत 2002 मध्ये मंजूर झालेली त्याची गोळीही जिभेखालीच ठेवायची होती! 2009 मध्ये ती गोळी एकट्यानेच विकण्याचं कंपनीचं संरक्षण संपलं, 2010 मध्ये त्याच कंपनीची फिल्म मंजूर झाली आणि 2012 मध्ये कंपनीने गोळी मागे घेत असल्याचं जाहीर केलं. कारण दिलं, मुलांच्या हाती लागण्याचा धोका. फिल्म एकेका पाकिटात बंद असते आणि गोळ्या बाटलीत, हे खरंच होतं. पण मग गोळ्याही सुट्या पाकिटांत देता आल्या असत्या. 2013 च्या फेब्रुवारीत औषध नियामकाने इतरांच्या स्वस्त गोळ्या रोखण्याची कंपनीची मागणी फेटाळली. पुढे प्रकरण थेट फौजदारी तपासापर्यंत गेलं. 2019 मध्ये मूळ कंपनीने 140 कोटी डॉलर भरून तडजोड केली, तर तिच्यापासून वेगळ्या झालेल्या उपकंपनीने पुढच्या वर्षी 60 कोटी डॉलरवर तडजोड केली. फिल्मची स्वस्त प्रत काढणाऱ्यांत हैदराबादची एक कंपनीही होती. 2018 च्या जूनमध्ये तिने माल बाजारात उतरवला आणि लगेच न्यायालयाने विक्री थांबवली. ती वाट 2019 मध्ये मोकळी झाली.

2022 च्या जानेवारीत अमेरिकी नियामकाने तोंडात विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनने दात किडत असल्याचा इशारा दिला. औषध पूर्ण विरघळलं की पाण्याचा मोठा घोट घ्यायचा, तो दात-हिरड्यांभोवती हलकेच फिरवून गिळायचा आणि मग किमान तासभर दात घासायचे नाहीत. ही सूचना गोळीलाही होती आणि फिल्मलाही.