पक्ष्यांच्या पिल्लांचे हस्तपोषण

आई-बाप नसलेल्या, घरट्यातून पडलेल्या किंवा मुद्दाम बंदिस्त जागी उबवलेल्या पक्ष्याच्या पिल्लाला माणसाने ऊब देणे, चारा भरवणे आणि ते आपले आपण खाऊ लागेपर्यंत सांभाळणे म्हणजे हस्तपोषण. लव्हबर्ड-कॉकाटीलसारखे छोटे पोपट पाळणारे, जखमी पक्ष्यांची शुश्रूषा करणारी केंद्रे आणि दुर्मीळ जाती वाचवणारे प्रकल्प या सगळ्यांकडे ते चालते.

जमिनीवर दिसलेले प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. अंगभर पिसे, आखूड शेपटी आणि टुणटुण उड्या असतील, तर ते उडायला शिकत असते. आई-बाप जवळच्या फांदीवरून त्याला भरवत असतात. त्याला कुत्र्या-मांजरापासून दूर झुडपात ठेवावे, एवढेच. बिनपिसांचे, डोळे मिटलेले पिल्लू पुन्हा घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी पुष्कळ पिल्ले विनाकारण घरी आणली जातात.

चिमणी, बुलबुल, पोपट, कबूतर यांच्या नवजात पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही. त्यामुळे आधी ऊब, मग चारा. गार पडलेल्या पिल्लाला भरवले तर अन्न अन्नपुटात, म्हणजे गळ्याखालच्या साठवणीच्या पिशवीत, तसेच पडून आंबते. नुकत्याच जन्मलेल्या पोपटवर्गीय पिल्लाला साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पिसे येतील तशी ती कमी करतात. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. मऊ कापड घालावे.

पोपटवर्गीय पिल्लांचे तयार पीठ कोमट पाण्यात पातळसर कालवून सुई काढलेल्या सिरिंजने किंवा कडा वाकवलेल्या चमच्याने देतात. ते ३९-४० अंशांच्या आसपास असावे. जास्त गरम झाले तर अन्नपुट भाजते. अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाने जाते, म्हणून सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने धरून उजवीकडे रोखतात. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. चोचीत थेंब-थेंब पाणी सोडण्याची सवय त्यामुळेच जीवघेणी ठरते: पाणी फुप्फुसात जाते. पुढचा घास देण्यापूर्वी बोटाने अन्नपुट हलकेच चाचपून पाहावे.

प्रत्येक जातीची रीत निराळी. चिमणी एरवी दाणे टिपते, पण पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते. बुलबुलाच्या पिल्लांनाही किडे लागतात. अशा लहान पिल्लांना दिवसभर दर २०-३० मिनिटांनी थोडेथोडे द्यावे लागते. कबुतराचे पिल्लू चोच उघडून मागत नाही, ते आपली चोच आई-बापाच्या चोचीत खुपसते. म्हणून सिरिंजचे तोंड कापून त्यावर पातळ रबर ताणतात आणि चीर पाडतात. पिल्लू त्यात चोच घालून ओढून घेते. दूध-पाव मात्र कोणालाच देऊ नये. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही आणि नुसत्या पाव-भातावर वाढलेल्या पिल्लाची हाडे कॅल्शियमअभावी वाकतात.

रानपक्षी घरी ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. यात आपल्याकडे सर्रास पिंजऱ्यात दिसणारा हिरवा पोपटही येतो. सापडलेले पिल्लू वनखात्याकडे किंवा मान्यताप्राप्त केंद्राकडे द्यावे.

भरवणाऱ्यालाच पिल्लू आपले मानू लागते, ही या कामातली सर्वांत अवघड गोष्ट. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये हंसाच्या पिल्लांवरील निरीक्षणांतून ती विस्ताराने मांडली. यावर उपाय म्हणून अमेरिकेत कॅलिफोर्निया कॉन्डर या गिधाडाच्या पिल्लांना मोठ्या कॉन्डरच्या डोक्यासारखी हातबाहुली घालून भरवले गेले, तर डांग्या क्रौंचांच्या पिल्लांसमोर माणसे पांढरा झगा पांघरून गेली.

भारतात याचे महत्त्वाचे उदाहरण माळढोक या माळरानावरच्या दुर्मीळ पक्ष्याचे. २०१९ पासून राजस्थानातील जैसलमेर भागातून अंडी गोळा करून सम येथे यंत्रात उबवली आणि पिल्ले हातांनी वाढवली जाऊ लागली. माळढोकाचे पिल्लू लवकर चालू लागते, पण सुरुवातीला आई त्याला चोचीने भरवते. ते काम माणसाला करावे लागते. ही पिल्ले माणसाळली, पण त्याचाही उपयोग झाला: बनावट मादीची सवय लावलेल्या नराचे वीर्य मिळवून २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मले. हाती वाढलेले हे पक्षी प्रजननासाठी ठेवून त्यांची पुढची पिढी माळावर सोडायची, असा बेत आहे. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोक आता क्वचितच दिसतो, त्यामुळे महाराष्ट्रातील पक्षिप्रेमींचेही या प्रयोगाकडे लक्ष लागलेले आहे.