शिक्षकांसाठी परदेशी आदानप्रदान: अर्जाआधी परवानगीचा कागद हलवा

फुलब्राइट टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट, म्हणजे टीईए, हा अमेरिकी सरकारचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम. माध्यमिक शिक्षक अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात शिकतात आणि तिथल्या शाळेत बसून तास पाहतात. विमानभाडं, राहणं, जेवण, आरोग्य विमा सगळं कार्यक्रमाकडून. भारतात काम पाहते युसिफ (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) ही संस्था. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीतही शिक्षक प्रशिक्षणाचा वेगळा प्रकार आहे. तो साधारण दीड वर्षाचा, आणि वय ३५च्या आत हवं.

दोन्हीकडे पदवी आणि किमान पाच वर्षांचा शिकवण्याचा अनुभव लागतो. टीईएला इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं किंवा विशेष शिक्षण शिकवणारे पूर्णवेळ शिक्षक चालतात. दरवर्षीची जाहिरात मात्र नीट वाचा, अटी बदलतात. अर्जाला शुल्क नाही. कोणी 'नाव घालून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर नमस्कार करून निघा.

निबंध लिहायला सगळे घाबरतात. माझ्या मते खरी अडचण निबंधात नाही, कपाटातल्या फायलीत आहे. आमच्या ठाण्यातल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचंच घ्या. पदवीवर माहेरचं नाव, सेवापुस्तकात सासरचं, आणि पासपोर्टात मधलं नावच नाही. तीन कागद, तीन बाई! नाव बदलल्याचं राजपत्र काढण्यात त्यांचा महिना गेला. तेव्हा पदवी, बी.एड., सेवापुस्तकाचं पहिलं पान आणि वैयक्तिक मान्यतेचा (म्हणजे तुमच्या नेमणुकीला शिक्षण खात्याने दिलेल्या मंजुरीचा) आदेश एका ओळीत ठेवून नाव ताडून पाहा. अनुभवाच्या दाखल्यात शिक्षण सेवक काळाच्या, म्हणजे सुरुवातीच्या मानधनावरच्या नोकरीच्या तारखा वेगळ्या लिहून घ्या.

पासपोर्ट नसेल तर ठाणेकरांना वागळे इस्टेटचं सेवा केंद्र जवळ. साध्या ३६ पानी पुस्तिकेचं शुल्क १५०० रुपये. सरकारी, जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या सेवेत असाल तर कार्यालयाला पूर्वसूचना पत्र देऊन त्याची प्रत जोडता येते, ना हरकतीसाठी थांबायला नको. पण इथेच गफलत होते: हे पत्र पासपोर्टपुरतं. परदेशी जाण्याची परवानगी वेगळी. अनुदानित शाळेत तो कागद मुख्याध्यापक, संस्था आणि मग शिक्षणाधिकारी (माध्यमिक) असा सरकतो. नवी मुंबई किंवा ठाणे महापालिकेच्या शाळेत शिक्षण विभागामार्फत जातो. त्यात रजेचा प्रकार, तुमच्या तासांची सोय कोण करणार आणि खर्च कोणाचा, हे स्पष्ट लिहा. खर्चाचा रकाना मोकळा दिसला की फाईल परत येते.

टीईएला निवड झाली की डीएस-२०१९, म्हणजे आदानप्रदान कार्यक्रमात निवडल्याचा अधिकृत फॉर्म मिळतो. त्यावर जे-१ हा आदानप्रदानाचा व्हिसा, आणि मुलाखत मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत. अमेरिकेहून परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. तोवर तिथला नोकरीचा एच व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. घरी हे आधीच सांगून टाका.

आणि परवानगीचा अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.