‘ड्रिल’ हे नाम की क्रियापद?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपच्या दारात थोडा वेळ उभे राहा. “भावा, ड्रिल कुठं ठेवलंस?” असा एक आवाज येईल. मागोमाग दुसरा, “त्या प्लेटला आधी ड्रिल कर, मग टॅप मार.” पहिलं ड्रिल हातात धरता येतं. दुसरं म्हणजे करायचं काम. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, स्पेलिंग तेच, उच्चारही तोच. फाइल, क्लॅम्प, हॅमर, प्रेस, मोल्ड या सगळ्यांचं असंच: हत्यारही तेच आणि क्रियाही तीच.

आपल्याकडे मात्र गंमत वेगळी आहे. वरच्या दोन्ही वाक्यांत ड्रिल नामासारखंच राहिलं, दुसऱ्यात क्रियापदाचं ओझं ‘कर’नं उचललं. चेक करणे, ब्रेक मारणे, हँग होणे, सगळीकडे हेच. कोल्हापुरात ‘चेक करालोय’ म्हणतात, ‘चेकालोय’ कुणी म्हणत नाही. ते ‘आलोय’ चिकटतं ‘कर’लाच. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांना मराठीनं एवढं लांब ठेवलं नव्हतं. बदलणे, फर्मावणे, आजमावणे ही आता अस्सल घरची क्रियापदं झाली आहेत. इंग्रजी शब्द मात्र अजून ‘करणे’चा हात धरूनच चालतात.

मग नाम आणि क्रियापद यांत नेमका फरक काय? शाळेतलं उत्तर तयार असतं: वस्तूचं, व्यक्तीचं, गुणाचं नाव ते नाम आणि क्रिया दाखवणारा शब्द ते क्रियापद. ही व्याख्या खासबागेच्या कुस्ती मैदानात नेली की पहिल्याच डावात चितपट होते. कुस्तीइतकी धडधडीत क्रिया दुसरी कुठली? तरी ‘कुस्ती’ नामच. कुस्तीला, कुस्तीत, कुस्त्या असे विभक्ती-वचनाचे प्रत्यय ती घेते. ‘लढला, लढतील’ यांसारखी काळाची रूपं तिला नाहीत. म्हणजे शब्दाचा अर्थ विचारून निकाल लागत नाही. तो शब्द वाक्यात काय काम करतो आणि कुठले प्रत्यय घेतो, हे पाहावं लागतं.

आपल्या परंपरेत हे फार पूर्वीच लक्षात आलं होतं. ‘निरुक्त’ या शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात त्याचा कर्ता यास्क म्हणतो, ज्यात ‘होणं’ मुख्य ते आख्यात, म्हणजे क्रियापद. ज्यात ‘असलेली गोष्ट’ मुख्य ते नाम. पुढे तो जोडतो की क्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत आटोपून एखाद्या वस्तूसारखी डोळ्यांपुढे उभी राहिली की तिला नामानं ओळखतात. कुस्तीचं कोडं इथंच सुटतं. पाणिनी तर अर्थाच्या भानगडीतच पडत नाही: ज्याच्या शेवटी ‘सुप्’ किंवा ‘तिङ्’ प्रत्यय ते पद. सुप् नामाचे, तिङ् क्रियापदाचे. संपला विषय.

इंग्रजीची पंचाईत अशी की तिचे बहुतेक प्रत्यय झडून गेले. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत प्रेम या नामाला साधारण ‘लुवु’ म्हणत आणि प्रेम करणे या क्रियापदाला ‘लुविअन’. शेवट ऐकला की कोण काय ते कळायचं. साधारण ११०० ते १५०० या काळात हे शेवट घासून गेले आणि दोन्हींचं झालं ‘लव्ह’. मग ओळख पटवायची कशी? जागेवरून. आधी ‘द’, ‘अ’ किंवा ‘माय’ असेल तर नाम. आधी ‘टू’ किंवा ‘विल’ असेल तर क्रियापद. बहुतेक वेळा एवढं पुरतं. कधीकधी नाही पुरत. ‘दे कॅन फिश’ या तीन शब्दांचा अर्थ ‘ते मासे पकडू शकतात’ असाही होतो आणि ‘ते मासे डबाबंद करतात’ असाही. ‘कॅन’ मदतीला आलेलं क्रियापद आहे की स्वतःच मुख्य क्रियापद, यावर ‘फिश’ची जात ठरते.

जुन्या काळाच्या खुणा उच्चारात मात्र राहिल्या आहेत. घर ते ‘हाउस’, पण कुणाला निवारा देणं ते ‘हाउझ’. जुन्या क्रियापदात ‘स’च्या पुढेमागे स्वर होते, त्यांच्यामध्ये सापडून ‘स’चा ‘झ’ झाला. पुढचा स्वर नंतर झडला, ‘झ’ उरला. वापर म्हणजे ‘यूस’, वापरणे म्हणजे ‘यूझ’, तेही याच धर्तीवर. आपण दोन्हीकडे बिनधास्त ‘यूज’ म्हणतो. आघाताचंही तसंच. पहिल्या अवयवावर जोर दिला की ‘रेकॉर्ड’ म्हणजे नोंद. दुसऱ्यावर दिला की ‘रिकॉर्ड’, म्हणजे नोंदवणे. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान हा फरक सोडून देतो. इंग्रजी माध्यमातली मुलंही सोडतात, असा माझा अनुभव आहे.

लहान मुलांना मात्र व्याकरणाचा एक नियमही न शिकवता हे कळतं. १९५७ साली रॉजर ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एक चित्र दाखवलं. एक भांडं, त्यात काहीतरी बारीक तुकड्यांसारखं आणि ते मळणारे हात. सोबत एक खोटा शब्द, ‘सिब’. ‘सिबिंग’ म्हटलं की मुलं बहुतेक वेळा मळण्याच्या क्रियेकडे वळत, ‘अ सिब’ म्हटलं की भांड्याकडे आणि ‘सम सिब’ म्हटलं की त्या तुकड्यांकडे. शब्द अर्थशून्य होता. आजूबाजूच्या इवल्याशा अक्षरांनीच मुलांना वाट दाखवली.

मेंदूपर्यंत गेलं तर प्रकरण आणखी विलक्षण होतं. १९९१ साली आल्फोन्सो कारामाझ्झा आणि आर्गाय हिलिस यांनी ‘नेचर’मध्ये मेंदूला इजा झालेल्या दोन रुग्णांबद्दल लिहिलं. दोघींचीही अडचण क्रियापदांची, पण एकीला ती बोलताना यायची आणि दुसरीला लिहिताना. त्यांना ‘क्रॅक’सारखे दुहेरी शब्द वाक्यात घालून दिले. आरशाला गेलेली भेग या अर्थानं तो शब्द जमायचा. अक्रोड फोडणे या अर्थानं आला की गाडी अडायची, अक्षरं तीच असूनही. आता जिला क्रियापदं लिहिता येत नव्हती, तिचा क्रियापदाचा अर्थच पुसला गेला असता तर बोलतानाही ती तितकीच अडली असती. बोलताना मात्र तिला ती क्रियापदं येत होती.