बंद पंख्यातला कंडेन्सर झटका देतो का?

जुना पंखा उतरवायला कोणी घोड्यावर चढलं की खालून एकच प्रश्न येतो, 'बटण बंद केलंय ना?' तेवढ्यावर भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. पंखा थांबतो, पण वायरीत २३० व्होल्ट कायम. म्हणून मेन पाडा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. नाहीतर लाईट गेली असं समजून तो पंख्याला बॅटरीवरची वीज देत बसतो. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये तपासा, मेन पाडल्यावर पंख्याच्या दोन्ही वायरींना लावा.

आता कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारी छोटी डबी. पंखा बंद केला तरी तो तासन्‌तास भरलेला राहतो, असं सर्रास सांगतात. मोटरीत दोन वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, असतात. रनिंग थेट पुरवठ्यावर, तर स्टार्टिंग साधारण २.५ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून. कंडेन्सरमुळे स्टार्टिंगमधला प्रवाह रनिंगच्या पुढे धावतो, दोघांची चुंबकीय क्षेत्रं आगेमागे शिगेला पोचतात आणि त्यांच्या बेरजेतून फिरतं क्षेत्र तयार होतं. बटण बंद झालं तरी कंडेन्सर, स्टार्टिंग आणि रनिंग यांचं वर्तुळ आतल्या आत जुळलेलंच असतं. उरलेला भार त्या तांब्यातून क्षणार्धात वाहून जातो. धडधाकट पंख्याचा कंडेन्सर म्हणूनच रिकामा सापडतो. रनिंग वाइंडिंग जळून तुटलं असेल, तर मात्र वर्तुळ तुटतं आणि भार आत अडकतो. आणि उतरवायचा पंखा बहुधा बिघडलेलाच असतो! ३२५ व्होल्टला, म्हणजे २३० व्होल्ट पुरवठ्याच्या शिखराला, ही ऊर्जा जेमतेम ०.१३ ज्यूल, धोका दचकून घोड्यावरून पडण्याचा. कंडेन्सरच्या दोन टोकांना १० किलोओहमचा रोधक (रेझिस्टर), उघड्या तारेला बोट न लावता, काही सेकंद टेकवा.

 

बाकी काम सरळ आहे. आधी तिन्ही पाती काढा, म्हणजे वजन घटतं आणि पाती वाकत नाहीत. वरचा कप सैल करून खाली सरकवा, जोडणीचा फोटो घ्या, वायरी सोडवून प्रत्येक टोकाला वेगळी चिकटपट्टी लावा. मग एकाने मोटर दोन्ही हातांनी पेलायची, दुसऱ्याने हुकाजवळची स्प्लिट पिन सरळ करून ओढायची, नट फिरवायचा आणि बोल्ट काढायचा. हुक झिजून बारीक झालाय का, रबरी रीळ तडकलंय का, हे तेव्हाच पाहा. नवा पंखा लावताना जुनी स्प्लिट पिन वापरू नका. एकदा वाकवून सरळ केलेली पिन पुन्हा वाकवली की मोडते, आणि थरथरीने नट सैल होत गेला तर तो अडवायला काहीच उरत नाही.