एका आठवड्याची मालकी : टाइमशेअरची पार्श्वभूमी

टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या ठिकाणच्या घरात दरवर्षी ठरावीक काळ राहण्याचा विकत मिळणारा हक्क, घ्यावा की नाही, हे ठरवताना बहुतेक जण त्याची किंमत आणि हॉटेलचे भाडे शेजारी शेजारी मांडून मोकळे होतात. तो हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण या व्यवहारातले खरे फायदे आणि खरे खाचखळगे तो ज्या क्रमाने घडत गेला त्या क्रमातून आलेले आहेत.

सुरुवात युरोपात आणि बऱ्यापैकी साध्या गरजेतून झाली. 1963 साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या हापिमाग या कंपनीत सभासद समभाग घेत, कंपनी त्या पैशातून सुट्टीच्या ठिकाणी घरे विकत घेई आणि सभासदांना दरवर्षी मुक्कामासाठी पॉइंट्स मिळत. त्याच दशकात फ्रान्सच्या आल्प्समधल्या सुपरदेव्होल्यूई येथे, ऐन हंगामात खोली हमखास मिळावी म्हणून, ठरावीक काळापुरता वापराचा हक्क विकण्याची कल्पना पुढे आली. स्वयंपाकघर असलेले प्रशस्त घर, ठरलेल्या दिवसांत, शोधाशोध न करता मिळणे हा टाइमशेअरचा आजही सर्वांत भक्कम फायदा आहे, आणि तो या पहिल्या टप्प्यातला आहे.

दुसरा टप्पा अमेरिकेतला. 1973 च्या तेलसंकटानंतर मंदी आली आणि फ्लोरिडासारख्या ठिकाणी सुट्टीसाठी बांधलेल्या सदनिका विकल्या जाईनात. अख्खी सदनिका घेणारा एक ग्राहक मिळत नसेल, तर एकेक आठवडा घेणारे अनेक ग्राहक शोधावेत, हा उपाय बांधकाम व्यावसायिकांना सापडला. वर्षाचे आठवडे 52. त्यातला एक दुरुस्तीसाठी राखला तरी विकायला 51 उरतात. सुटे आठवडे विकून येणारी एकूण रक्कम सदनिकेच्या बाजारभावाच्या कितीतरी पुढे जाऊ शकते. मात्र त्यासाठी एका घरामागे 51 जणांना गाठायचे, बोलवायचे, पटवायचे आणि 51 करारांवर सह्या घ्यायच्या असतात. इथेच घोडे पेंड खाते. जाहिरात, भेटवस्तू आणि विक्रेत्यांचे कमिशन यांचा भार किमतीत मिसळला जातो आणि सही होताच त्याचे मोल संपते. म्हणून तोच आठवडा पुन्हा विकायला काढला की अनेकदा मूळ किमतीचा लहानसा अंशच हाती येतो. ‘गुंतवणूक’ हा शब्द या व्यवहाराला कधीच शोभला नाही.

विकले काय जात होते, हेही सर्वत्र सारखे नव्हते. कोठे रीतसर खरेदीखत होई, तर कोठे केवळ वापराचा हक्क मिळे. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या कॅरिबियन इंटरनॅशनल कॉर्पोरेशनने 1974 मध्ये 25 वर्षांचा सुट्टी-परवाना विकला होता. खरेदीखत ऐकायला भारदस्त वाटते, पण त्याला मुदत नसेल तर वार्षिक देखभाल शुल्कालाही मुदत नसते.

त्याच ठिकाणी दरवर्षी जाण्याचा कंटाळा येणारच होता. म्हणून 1974 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस येथे आरसीआय आणि 1976 मध्ये इंटरव्हल इंटरनॅशनल या, आपला आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा आठवडा घेण्याची अदलाबदल करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. आरसीआयने हंगामानुसार आठवड्यांना लाल (सर्वाधिक मागणीचा), पांढरा (मधला) आणि निळा (सर्वांत कमी मागणीचा) असे रंग दिले, आणि स्वस्तात मिळालेला निळा आठवडा देऊन लाल आठवडा सहसा मिळत नाही, हे अनेकांना खरेदीनंतर कळले. (दर पाच-सहा वर्षांनी येणारा 53 वा आठवडा कोणाचा, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी करारात त्याचे उत्तर लिहावेच लागते.) पुढे 1984 मध्ये मॅरियट ही हॉटेल कंपनी आणि 1991 मध्ये डिस्ने या धंद्यात आले. मोठ्या नावांमुळे भरवसा वाढला, पॉइंट्सच्या पद्धतीमुळे तारखा आणि ठिकाणे निवडण्याची मोकळीकही वाढली. पण कोणत्या दिवसाला किती पॉइंट्स, याचे कोष्टक कंपनीच्याच हातात राहिले.

कायदे आले ते मुख्यतः विक्रीच्या टेबलामुळे. दीड तासाची म्हणून सांगितलेली बैठक तीन तास लांबते, आधी मोफत न्याहारी होते, मग एकामागून एक विक्रेते बदलतात, आणि शेवटी ‘हा भाव फक्त आजच’ असे सांगितले जाते. भीड भिकेची बहीण, हे तिथे बसलेल्याला पुरते उमगते. म्हणून ब्रिटनने 1992 च्या कायद्याने करार मोडायला 14 दिवस दिले, तर युरोपीय समुदायाने 1994 च्या निर्देशाने (सदस्य देशांनी आपल्या कायद्यात उतरवायचा नियम) किमान 10 दिवस दिले आणि त्या काळात आगाऊ रक्कम घेण्यास बंदी घातली. तो निर्देश तीन वर्षे किंवा त्याहून अधिक मुदतीच्या करारांना लागू होता. मग 35 महिन्यांची सभासदत्वे विक्रीला आली. ही पळवाट बुजवायला 2008 चा नवा निर्देश यावा लागला, त्यात एका वर्षाहून अधिक मुदतीचे करार आले आणि माघारीची मुदत 14 दिवस झाली. स्पेनने 1998 मध्ये अशा हक्कांना 50 वर्षांची कमाल मर्यादा घातली.

कायद्याने सही मागे घेता येते, पण मुदत उलटलेल्या मालकाला वाट काढून मिळत नाही. इमारती जुन्या होतात, देखभाल शुल्क वाढत जाते, छत किंवा लिफ्ट बदलायची झाल्यास वेगळी वर्गणी येते, आणि प्रवास थांबलेल्या वृद्ध मालकांना तो आठवडा फुकट द्यायचा म्हटले तरी घेणारा सापडत नाही. या अडचणीवरही एक धंदा उभा राहिला आहे : करारातून सोडवून देतो, असे सांगणाऱ्या कंपन्यांचा. त्यातल्या कित्येक जणी मोठी रक्कम आगाऊ मागतात, आणि त्यांची बोलणीही पुष्कळदा हॉटेलातल्या तशाच टेबलावर, तशाच घाईने होतात.