भारतात निर्वासित म्हणून अर्ज : कोण पात्र, कागदपत्रं कोणती, मुलाखतीत काय होतं

ऑगस्ट 2021 मध्ये तालिबानने काबूल ताब्यात घेतलं, तेव्हा पुण्यात अनेक अफगाण मुलं-मुली शिकत होती. त्यांचा पहिला प्रश्न असायचा : आम्ही रीतसर स्टुडंट व्हिसावर आलो, मग आम्हाला निर्वासित म्हणून अर्ज करता येईल का? येतो. देश सोडताना धोका नव्हता, पण नंतर तिथली परिस्थिती पालटली आणि आता परतणं जिवावर बेतेल, अशा माणसालाही हा हक्क आहे.

अर्ज कुठे करायचा, यात गोंधळ होतो. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर किंवा 1967 च्या पूरक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ निर्वासितांचं केंद्र सरकार स्वतः पाहतं. त्यामुळे गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतल्या लोकांचे कागद वेगळे असतात, त्यांच्याशी तुलना करू नका. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया, येमेन अशा देशांतून आलेल्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे, म्हणजे यूएनएचसीआरच्या दिल्ली कार्यालयाकडे जायचं. संपर्काची सध्याची पद्धत संस्थेच्या ‘हेल्प’ संकेतस्थळावर भारताच्या पानावर दिलेली असते. अपॉइंटमेंट न घेता पुण्याहून रेल्वेने थेट दिल्ली गाठू नका.

पात्रतेची कसोटी 1951 च्या करारातलीच आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने मायदेशी छळ होईल अशी सकारण भीती हवी, आणि तिथलं सरकार संरक्षण देऊ शकत नाही किंवा देणार नाही, अशी स्थिती हवी. केवळ गरिबी किंवा नोकरीचा शोध यात बसत नाही. युद्धगुन्हे किंवा गंभीर बिगर-राजकीय गुन्हे केलेल्यांना वगळलं जातं.

कागदपत्रांत पासपोर्ट, व्हिसा, मायदेशाचं ओळखपत्र, विवाहाचे आणि मुलांच्या जन्माचे दाखले, आणि धमकीचं पत्र, अटकेचा कागद, नोकरीचं ओळखपत्र असे पुरावे न्यावेत. मूळ प्रती जवळ ठेवा, झेरॉक्स द्या. यातलं काहीच नसलं तरी अर्ज नाकारला जात नाही. रातोरात पळालेल्या माणसाकडे फाइल नसते, हे संस्थेला ठाऊक असतं. नोंदणीला कुटुंबातल्या सगळ्यांनी हजर राहायचं असतं.

अफगाण अर्जदारांनी तारखांकडे खास लक्ष द्यावं. त्यांच्या तझकिऱ्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, सौर हिजरी सन असतो. काबूल पडलं तो 15 ऑगस्ट 2021 हा दिवस त्यांच्या पंचांगात 24 असद 1400 होता. जुन्या कागदी तझकिऱ्यात अनेकदा जन्मतारीख नसतेच, ‘अमुक साली वय पाच वर्षं’ एवढीच नोंद असते, आणि पासपोर्टवर मात्र 1 जानेवारी छापलेली असते. ही तफावत कशी आली, ते आपणहून सांगा.

नोंदणीनंतर प्रकरण विचाराधीन असल्याचा कागद मिळतो. मग निर्वासित दर्जाची मुलाखत होते. काही महिने, कधी त्याहून खूप जास्त थांबावं लागतं. सगळा निकाल या मुलाखतीवर असतो. दुभाषा संस्था देते. त्याचं बोलणं कळत नसेल किंवा त्याच्यासमोर बोलायची भीती वाटत असेल तर तिथल्या तिथे सांगा. स्त्रियांना स्त्री अधिकारी आणि स्त्री दुभाषा मागता येते. आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असंच सांगावं. ओळखीच्यांनी पढवलेली गोष्ट दोन प्रश्नांत उघडी पडते आणि खऱ्या माणसाचं खरं दुःखही खोटं ठरतं, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही सांगितलेलं मायदेशाच्या सरकारला कळवलं जात नाही.

अर्ज, दुभाषा, मुलाखत, निर्वासित ठरल्यावर संस्थेकडून मिळणारं कार्ड या सगळ्याला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारा एजंट फसवतोय हे नक्की समजा.

कार्ड मिळाल्यावर काय बदलतं? नागरिकत्व मिळत नाही. परदेशात पुनर्वसन हा हक्क नाही, जगभरात दरवर्षी एक टक्क्याहूनही कमी निर्वासितांना ते मिळतं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात राज्यघटनेच्या कलम 21 चं, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं संरक्षण परदेशी माणसालाही आहे असं म्हटलं, पण 2021 मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात परत पाठवणी थांबवायला नकार दिला. म्हणून कार्ड आहे या भरवशावर व्हिसाची मुदत संपू देऊ नका. एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, मुदतवाढीचा ऑनलाइन अर्ज वेळेत करा. दीर्घ मुदतीचा व्हिसा द्यायचा की नाही हे सरकार ठरवतं. तो मिळाला तर खाजगी नोकरी आणि शिक्षण दोन्ही करता येतं.

नकार आला तर पत्रात अपिलाची मुदत दिलेली असते, साधारण 30 दिवस. नकाराची कारणं त्यात वाचून, त्या एकेका मुद्द्याला लेखी उत्तर द्या. मुलाखतीत राहून गेलेलं काही असेल, तर ते तेव्हा का सांगता आलं नाही हेही लिहा.